तीन चाळीसची बस

महापालिकेच्या परिवहन खात्यात त्यांना सगळे टाइमटेबलबाई म्हणायचे. शहरात एकशे चार बसमार्ग होते आणि कुठली बस किती वाजता कुठे असते, हे बाईंना कागद न बघता सांगता यायचं. घरी आलेला पाहुणा चप्पल शोधायला लागला की त्या म्हणायच्या, "बसा अजून सात मिनिटं. आत्ता निघालात तर थांब्यावर उगाच ताटकळाल." नवरा छापखान्यात मुद्रितं तपासायचा. चूक दिसल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, ही सवय त्याने घरीही आणली होती. पण यावर तो हमखास बोलायचा, "हिला माणसं जास्त आवडतात की बस, तीस वर्षांत मला काही कळलेलं नाही."

बाईंना त्रेपन्नावं लागलं त्या वर्षी शहरात तीन महिन्यांत चार तरुण पोरं चाकूने मेली. सगळ्यात मोठा होता वीस वर्षांचा. वर्तमानपत्रांनी ओरड केली, सभागृहात टेबलं बडवली गेली आणि महापालिकेने एक कक्ष काढला, युवा हिंसा प्रतिबंध कक्ष. नाव भारदस्त होतं. खोली मात्र तिसऱ्या मजल्यावर, झेरॉक्सच्या यंत्रामागे, अर्धी खिडकी लोखंडी कपाटाने झाकलेली. प्रत्येक खात्याने एक माणूस द्यायचा होता. साहजिकच प्रत्येक खात्याने आपल्याला नकोसं झालेलं माणूस दिलं. परिवहनच्या साहेबांचं आणि बाईंचं नुकतंच वाजलं होतं, त्यामुळे तिथून कोणाची रवानगी होणार हे शिपायालाही ठाऊक होतं.

हे काम बाईंना का नको होतं, ते मात्र कोणालाच ठाऊक नव्हतं.

बारा वर्षांपूर्वी बाईंच्या एकुलत्या एका लेकाने, वयाच्या सतराव्या वर्षी, वर्गातल्या एका मुलाला खेळाच्या मैदानामागे मारलं होतं. हातात लोखंडी सळई होती. त्या मुलाचा एक डोळा गेला. लेक चौदा महिने सुधारगृहात राहिला. तो सुटल्यावर तिघांनी घर बदललं, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, जिथे त्यांना कोणी ओळखत नव्हतं. लेक काम शिकला. आता तो एकोणतीस वर्षांचा होता, लिफ्ट दुरुस्त करायचा, वेळेवर घरी यायचा. जेवताना लिफ्टबद्दल बोलणं व्हायचं, हवेबद्दल व्हायचं. त्या दिवसाबद्दल तिघांपैकी एकानेही कधी अवाक्षर काढलं नव्हतं.

कक्षाची पहिली बैठक झाली तेव्हा उपायुक्त साहेब आराखडा घेऊनच आले होते. एक मोठी फेरी, दोनशे फलक, पन्नास कॅमेरे आणि सगळ्या शाळांमधून एकाच वेळी शपथ. "ही तसली मुलं आपल्याला दिसली पाहिजेत, आणि आपण त्यांना दिसलो पाहिजे," ते म्हणाले.

टेबलाच्या टोकाला नगर रुग्णालयाच्या अपघात विभागातली डॉक्टरीण बसली होती. ड्युटी संपवून तशीच आली होती, जांभई दाबत होती. ती म्हणाली, "साहेब, पोलिसांकडे गेल्या वर्षी तरुणांच्या मारामारीच्या किती नोंदी आहेत?"

"एकाहत्तर," शेजारी बसलेले फौजदार म्हणाले.

"माझ्या वहीत दोनशे बारा आहेत. टाके मी घातलेत, म्हणून मला माहीत. बाकीचे 'जिन्यावरून पडलो' म्हणून घरी जातात. शहरातले जिने इतके वाईट आहेत हे मला तोवर माहीत नव्हतं."

फौजदार हसले. साहेब हसले नाहीत. बाईंनी मात्र पहिल्यांदाच मान वर केली. "तुमच्या वहीत वेळ लिहिलेली असते का हो?"

"मिनिटासकट. का?"

"आणि कुठे लागलं ते?"

"विचारते मी. जिना कुठला, असं विचारलं की खरं ते सांगतात."

पुढचे दोन आठवडे बाई आणि डॉक्टरीण रुग्णालयाच्या दप्तरखोलीत समोरासमोर बसून नोंदी उतरवत होत्या. एकीने वाचायचं, दुसरीने शहराच्या नकाशावर टाचणी टोचायची. दुपारी बारापर्यंत पांढरी, साडेतीनपर्यंत पिवळी, साडेतीन ते साडेचार लाल, त्यापुढे निळी. दुसऱ्या आठवड्यात लाल टाचण्या संपल्या. डॉक्टरणीने आणखी मागवल्या. बाई नकाशाकडे बघत राहिल्या. दोनशे बारापैकी अठ्ठ्याऐंशी टाचण्या लाल होत्या आणि त्यातल्या अठ्ठावन्न एकाच जागी दाटीवाटीने उभ्या होत्या. चौफुली थांबा.

"इथे काय आहे?" डॉक्टरणीने विचारलं.

"चार मार्ग एकत्र येतात. आसपास दोन शाळा आणि एक तंत्रशाळा. तिन्ही साडेतीनला सुटतात."

"मग सुटल्यावर बसने जात का नाहीत?"

बाईंनी नकाशावरच्या चौफुलीवर बोट ठेवलं. "बस साडेतीनची आहे. पोरांना चालत थांब्यावर यायला दहा मिनिटं लागतात. ती चुकते. त्यानंतरची सव्वाचारला. मधे ड्रायव्हरांची पाळी बदलते ना, म्हणून." त्यांनी चष्मा काढला. "अकरा वर्षांपूर्वी हे वेळापत्रक मीच लावलंय. डेपोला सोयीचं पडतं म्हणून."

तीनशे पोरं, एक पत्र्याचा आडोसा, पस्तीस मिनिटं. रोज.

रविवारी सकाळी लेक गॅलरीत बसून अवजारांची पिशवी साफ करत होता. पान्हे फडक्यावर ओळीने मांडलेले. नवरा बाजारात गेला होता. बाई दारात उभ्या राहिल्या, आत गेल्या, पुन्हा आल्या.

"काय गं आई? बोल ना."

"तुला एक विचारू?"

"विचार."

"त्या दिवशी... तू कशाने थांबला असतास?"

लेकाच्या हातातलं फडकं तिथल्या तिथे थांबलं. "ऑफिसच्या कामासाठी विचारतेयस, की आई म्हणून?"

"दोन्ही," बाई म्हणाल्या. खोटं बोलायची त्यांची छाती झाली नाही.

लेकाने एक पान्हा उचलला, पुन्हा ठेवला. "आम्हा दोघांनाही मारामारी करायची नव्हती," तो म्हणाला. "त्याने शिवी दिली, मी कॉलर धरली. तिथेच संपलं असतं. पण भोवती तीसेक पोरं उभी होती, आरडाओरडा करत. त्याला मागे फिरता येईना, मला फिरता येईना. मी मनात म्हणत होतो, कोणीतरी या आणि आम्हाला हाकला. शिपाई, एखादी म्हातारी, पिसाळलेलं कुत्रं, कोणीही चालेल. कोणी आलं नाही. मग त्याने ढकललं, मी पडलो, हाताला सळई लागली. पुढचं तू कोर्टात ऐकलंयस."

बाई त्याच्याशेजारी जमिनीवर बसल्या.

"हे कुठे लिहू नकोस," लेक म्हणाला.

"नाही लिहीत."

त्यांनी लिहिलं नाही. पण सोमवारी फेरी आणि फलक यांचा विषय निघाला तेव्हा त्या उभ्या राहिल्या. "साहेब, मारामारीला दोघं लागतात हे सगळ्यांना माहीत आहे. पण बघे लागतात, ते कोणी धरतच नाही. आपण बघ्यांना घरी पाठवू. मला तीन चाळीसला पाच बस द्या."

"बसने हिंसा थांबते होय?" साहेबांनी विचारलं.

"सगळी नाही थांबणार. चौफुलीवरची थोडी थांबेल."

साहेबांनी फलकही ठेवले आणि बसलाही होकार दिला. बस फुकटात पडत होती. अडचण निघाली डेपोत. पाळी दोन तुकड्यांत बदलायची म्हणजे अर्ध्या ड्रायव्हरांचं जेवण उशिरा. त्यांचा पुढारी डेपोच्या फाटकात कमरेवर हात ठेवून उभा राहिला. "बाई, तीस वर्षं तुम्ही आमच्या पोटाचा विचार केलात. आता म्हातारपणी हे काय सुचलं?"

"पोटाचाच विचार करतेय," बाई म्हणाल्या. "फक्त आता वार होतात त्या पोटाचा."

पुढाऱ्याचे कमरेवरचे हात खाली आले. त्याच्याच बसमध्ये वर्षभरापूर्वी एक पोरगा पोट धरून चढला होता आणि पायरीवरच कोसळला होता. ते रक्त पुढाऱ्याने स्वतः बादलीने धुतलं होतं. महिनाभर करून बघू, एवढं तो बोलला. महिन्याचे सहा महिने झाले, पुढे कोणी विषय काढला नाही. तंत्रशाळेचे प्राचार्य पोरांना वीस मिनिटं आधी सोडायला तयार झाले, म्हणजे थांब्यावर एकदम गर्दी होणार नाही. दोन शाळांपैकी एक ऐकेना, ती तशीच राहिली.

तरी चाळीसपन्नास पोरं थांब्यावर उरायचीच. त्यांच्यासाठी बाईंनी आणि डॉक्टरणीने मिळून दुसरी गोष्ट मांडली. रोज दुपारी तासभर आठ मोठी माणसं थांब्यावर नुसती उभी राहतील. निवृत्त कंडक्टर, दुकानदार, कोणाच्या आया. शिट्टी नाही, गणवेश नाही. ओळख वाढवायची, नाव विचारायचं, आणि काही पेटायला लागलं तर मध्ये पडायचं. साहेबांना कल्पना आवडली. त्यांनी लगेच नियम लिहायला घेतले आणि तिसऱ्या कलमाशी आले. "स्वयंसेवक किंवा त्याच्या घरातील कोणावरही गुन्ह्याची नोंद नसावी. पोलिसांकडून दाखला घ्यावा. तसल्या घरातली माणसं आपल्याला नकोत."

बाईंनी पेन खाली ठेवलं. त्यांना वाटलं, गप्प बसावं. दोन वर्षांची बदली आहे, संपेल. मग त्यांना आपलाच आवाज ऐकू आला.

"मग साहेब, या खोलीत मीही नको."

"म्हणजे?"

"माझ्या मुलाने एकाचा डोळा घालवलाय. चौदा महिने आत होता. दाखला मागितलात तर मला मिळणार नाही."

साहेब कागदाकडे बघत होते. "तुमचा मुलगा तसा असेल असं..."

"तो तसला नव्हताच साहेब. तसलं कोणी नसतं. त्या दुपारी त्याला कोणी घरी पाठवलं नाही, एवढंच. आणि चौफुलीवरच्या पोराशी बोलायला त्याच्याहून जास्त कोणाला कळेल?"

डॉक्टरणीने बाईंच्या हातावर हात ठेवला. कमाल केली ती फौजदारांनी. टोपी टेबलावर फिरवत ते म्हणाले, "साहेब, माझ्या धाकट्या भावाचं नाव कुठल्याच वहीत नाही. कारण ठाण्यातली वही तेव्हा आमच्या वडिलांच्याच हातात होती. कलम खोडा. एकेक माणूस बघून ठरवू."

कलम खोडलं गेलं. पण भिंतींना कान होते आणि संध्याकाळपर्यंत बातमी चारही मजल्यांवर पोचली. आवक-जावक विभागातली बाईंची मैत्रीण वीस वर्षं त्यांच्याबरोबर डबा खात होती. दुसऱ्या दिवशी तिला खिडकीजवळ गार वारा लागायला लागला आणि ती दुसऱ्या टेबलावर जाऊन बसली.

घरी बाईंनी जेवताना सांगून टाकलं. लेकाने घास खाली ठेवला. "मला विचारलं नाहीस."

"वेळच नव्हता रे."

"तुला वेळ नव्हता? तुला?" तो उठला, ताट तसंच टाकून आत गेला. नवरा लेकाचं ताट झाकत म्हणाला, "त्याचं खरं आहे." मग, "तुझंही खरं आहे."

त्या दिवसापासून लेक आईशी बोलेनासा झाला. लागेल ते बापाला सांगायचा. नवव्या दिवशी बुधवार होता, त्याच्या सुट्टीचा वार. बाई घड्याळ आणि वही घेऊन चौफुलीवर पोरं मोजायला उभ्या होत्या. समोरच्या फुटपाथवर त्यांना लेक दिसला, खांबाला टेकलेला, हात खिशात. त्याने ओळख दाखवली नाही. त्यांनीही हाक मारली नाही. चारच्या सुमाराला तो निघून गेला. पुढच्या बुधवारी पुन्हा आला. तिसऱ्या बुधवारी फौजदारांनी त्याचं नाव थांब्यावर उभं राहणाऱ्यांच्या यादीत घातलं. त्यासाठी तो स्वतः जाऊन त्यांना भेटला होता, हे बाईंना नंतर कळलं.

सातव्या की आठव्या बुधवारची गोष्ट. तीन चाळीसच्या पाचपैकी तीन बस निघून गेल्या होत्या, दोन उभ्या होत्या. थांब्याच्या मागे अचानक आवाज चढला. तंत्रशाळेचा निळा डगला घातलेला एक उंच पोरगा आणि हाताला प्लास्टर असलेला दुसरा एकमेकांसमोर छाती काढून उभे होते. डगलेवाल्याचा उजवा हात पाठपिशवीत होता, कोपरापर्यंत. भोवती दहाबारा पोरं. पूर्वी तिथे दोनशे असती. बाईंनी वही मिटली. त्या पुढे व्हायच्या आत लेक दोघांच्या मधोमध जाऊन उभा राहिला होता. हात दोन्ही दिसतील असे बाजूला सोडलेले. त्याने आवाज चढवला नाही, पण बाई चार पावलांवर होत्या, त्यांना शब्दन्‌शब्द ऐकू आला.

"तुम्हा दोघांनाही इथून जायचंय, हो ना?"

"तू कोण रे?" डगलेवाला म्हणाला.

"मी कोणी नाही. मला शिव्या घाल. जोरात, सगळ्यांना ऐकू जाईल अशा. म्हण, हा येडा मध्ये तडमडला म्हणून सोडतोय. मग तू त्या बसमध्ये बस, हा या बसमध्ये बसेल."

मग डगलेवाल्याने तोंड उघडलं. बाईंनी तीस वर्षं डेपोत काढली होती, पण त्यातल्या दोन शिव्या त्यांना नवीन होत्या. प्लास्टरवाल्यानेही आपल्या चार घातल्या. लेक मान खाली घालून ऐकत राहिला, ओशाळल्यासारखा. कंडक्टरने घंटी मारली. पिशवीतला हात रिकामा बाहेर आला. एक पोरगा या बसने गेला, दुसरा त्या बसने, आणि दहाबारा बघे आता काय बघायचं म्हणून पांगले.

बाई लेकाजवळ गेल्या. "बस जरा," त्या म्हणाल्या.

"बसलो तर उठता येणार नाही," तो म्हणाला. मग दोघं आडोशाला टेकून उभे राहिले, सव्वाचारची बस येईपर्यंत. आठेक आठवड्यांनी तो त्यांच्याशी बोलला होता, आणि पुढे आणखी काही बोलला नाही तरी बाईंचं भागलं.

पुढच्या बुधवारी डगलेवाला स्वतःहून आला. कागदात गुंडाळलेलं काहीतरी त्याने लेकाच्या हातात कोंबलं आणि गर्दीत शिरला. घासून टोक काढलेली कानस होती. लेकाने ती फौजदारांना दिली. कोणाची, ते त्याने सांगितलं नाही आणि फौजदारांनी विचारलं नाही.

वर्षाच्या शेवटी डॉक्टरणीने वही काढली. चौफुलीवरच्या जखमा अठ्ठावन्नवरून एकोणीसवर आल्या होत्या. सगळ्या शहराच्या दोनशे बारावरून एकशे एकाहत्तरवर. पण त्याच महिन्यात, सुट्टीच्या दिवशी, तलावाच्या काठी एकोणीस वर्षांचा एक मुलगा मेला. सुट्टीच्या दिवसासाठी कक्षाकडे काहीच नव्हतं. डॉक्टरणीने त्याचं नाव वहीत शोधलं. तो आधी दोनदा तिच्याकडेच आला होता, दोन्ही वेळा जिन्यावरून पडून. "मी टाके घातले आणि घरी पाठवला," ती म्हणाली, आणि त्या दिवशी दप्तरखोलीत बाईंना तिच्याशेजारी नुसतं बसून राहावं लागलं. त्यातूनच पुढचं काम निघालं. असा पोरगा दुसऱ्यांदा आला की टाके घातल्यावर लगेच सोडायचा नाही. आधी कोणीतरी त्याच्याजवळ बसायचं. कोणावर सूड उगवायला निघालायस, ते विचारायचं. या कामाला माणसं मिळायला मात्र फार वेळ लागला. आठ हवी होती, तीन मिळाली.

वार्षिक सभेत उपायुक्तांनी तीन चाळीसच्या बसबद्दल भाषण केलं. "माझ्या मनात पहिल्या दिवसापासून होतं," ते म्हणाले. डॉक्टरीण बाईंकडे बघून डोळे फिरवायला लागली, तेव्हा बाईंनी तिला कोपराने ढोसलं आणि टाळ्या वाजवल्या. साहेबांना श्रेय मिळालं तर पुढच्या वर्षी दुसऱ्या तीन थांब्यांना बस मिळेल, हा त्यांचा हिशेब होता. दोन थांब्यांना मिळाली.

आवक-जावकवाली मैत्रीण पाचेक महिन्यांनी एका दुपारी डबा घेऊन परत आली. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलली. मग डब्याचं झाकण लावता लावता म्हणाली, "माझ्या पुतण्याचं जरा लक्षण ठीक दिसत नाही गं. तुझ्या मुलाला वेळ असेल का?"

"बुधवारी असतो," बाई म्हणाल्या. गार वाऱ्याचा विषय त्यांनी काढला नाही.

दोन वर्षांनी त्यांची बदली संपली. टाचण्यांचा नकाशा त्यांनी डॉक्टरणीच्या ताब्यात दिला आणि त्या आपल्या खात्यात परतल्या. आता वेळापत्रक लावताना त्या पहिल्यांदा शाळांना फोन करतात, मग डेपोला. नवीन साहेबांना हे उलटं वाटतं. बाई ऐकून घेतात आणि शाळांना फोन करतात.

लेक अजून बुधवारी थांब्यावर जातो. मध्यंतरी एकदा, हातावरचं ग्रीस पुसता पुसता, त्याने आईला सांगितलं की त्या मुलाला त्याने पत्र लिहिलं होतं, डोळा गेला त्याला. पत्ता फौजदारांनी आधी त्या मुलाचीच परवानगी घेऊन मिळवून दिला होता.

"मग?" बाईंनी विचारलं.

"सहा महिने झाले. उत्तर नाही."

"आता काय करणार?"

"काही नाही. उत्तर द्यायचं की नाही, ते त्याने ठरवायचं."

नवरा वर्तमानपत्र वाचत होता. त्याने पान उलटलं, चष्मा पुसला आणि लेकाला म्हणाला, "पत्राची नक्कल ठेवली असशील तर दाखव मला कधीतरी. चुका काढणार नाही."

लेक आत गेला आणि कागद घेऊन आला.